प्रयोगशाळेत न वाढणारा कुष्ठजंतू

आपल्या वस्त्यांत क्षयरोग सगळ्यांच्या ओळखीचा. थुंकी दिली की त्याचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहता येतो. कुष्ठरोगाच्या, म्हणजे जुनी माणसं ज्याला महारोग म्हणतात त्याच्या जंतूचं तसं नाही. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी तो १८७३ साली शोधला. पण प्रयोगशाळेतल्या खाद्यावर तो आजवर कुणालाच वाढवता आलेला नाही.

मुंबईतही प्रयत्न झाला. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून घेतलेला एक जंतू वाढवला आणि १९५८ मध्ये तशी माहिती प्रसिद्ध केली. पुढे तो कुष्ठजंतू नसून त्याच्या भावकीतलाच दुसरा निघाला.

मग शास्त्रज्ञांनी वाट बदलली. वाढत नाही तर निदान त्याची जनुकं वाचू, असं ठरलं. तमिळनाडूतल्या एका रुग्णाकडचा जंतू आर्मडिलो या अमेरिकेतल्या प्राण्याच्या अंगात वाढवला गेला. या प्राण्याचं अंग थंड असतं आणि या जंतूला थंडावा लागतो. माणसातही तो त्वचा, नाक, कानाची पाळी, हातापायाच्या नसा अशाच जागा धरतो. त्याचा पूर्ण जनुकसंच २००१ साली प्रसिद्ध झाला. क्षयाच्या जंतूकडे चालू जनुकं सुमारे ४,०००. याच्याकडे सुमारे १,६०० आणि ११०० हून जास्त बंद पडलेली. माणसाच्या पेशीत सगळं आयतं मिळत गेलं, तशी स्वतः जगायची सोय त्याने गमावली. एकाचे दोन व्हायलाच त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यावर लक्षण दिसायला सरासरी ५ वर्षं जातात, कधी २० सुद्धा.

पश्चिम बंगालमध्ये पुरुलियाच्या मातीतही संशोधकांना त्याचे जनुकीय अंश सापडले आहेत. पण लागणीची मुख्य वाट म्हणजे उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घ सहवास. हात मिळवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही.

साध्या रक्त तपासणीत हा रोग कळत नाही. तो आपल्यालाच पाहावा लागतो. फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि डोळे मिटून कापूस फिरवला तर कळत नाही. गरम टोपाने बोट भाजलं आणि फोड येईपर्यंत समजलंच नाही, हेही लक्षण. गजकर्णाचं मलम लावून महिने घालवू नका. पालिकेच्या दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत.

औषध ६ किंवा १२ महिने चालतं. पहिल्या काही मात्रांतच रुग्णापासून इतरांना होणारा धोका जवळजवळ संपतो. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. काळवंडली म्हणून गोळ्या सोडणारे खूप. तो रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो. रोग उलटला तर त्वचेतला द्राव घेऊन जंतूची जनुकं वाचतात आणि कोणतं औषध त्याला लागू पडत नाही ते कळतं. जनुकं वाचण्याच्या खटाटोपाचा हा थेट उपयोग.

बायका चट्टा लपवतात ते संसार मोडेल या धास्तीने. पूर्वी कायद्यातच तसं कारण होतं. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं आहे.