द्राक्षाचे जनुक शोधताना ‘ब्लास्ट’चा निकाल कसा वाचावा?

नाशिकच्या इंदिरानगरात घरी बसूनही द्राक्षाची जनुके मोफत शोधता येतात. एनसीबीआयच्या ‘ब्लास्ट’मध्ये आपल्याकडील डीएनए क्रम टाका आणि ‘व्हिटिस व्हिनिफेरा’ ही प्रजाती निवडा.

प्रतिलेख म्हणजे पेशीने जनुकावरून तयार केलेली आरएनए प्रत. पान, मणी किंवा मूळ, ज्याचा नमुना घेतला त्यात ते जनुक चालू असेल तरच प्रत सापडते. त्यामुळे जुळणी न मिळाल्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्राक्षाच्या जीनोममध्येही शोधा.

ई-व्हॅल्यू शून्याच्या जितकी जवळ, तितकी जुळणी योगायोगाची असण्याची शक्यता कमी. क्रमाचा किती भाग जुळला तेही पाहा.

मात्र क्रम रोगप्रतिकारक जनुकाशी जुळला म्हणून केवड्याची फवारणी थांबवू नका. थॉम्पसन सीडलेस केवड्याला बळी पडते. वाणाची प्रतिकारशक्ती बागेतील चाचणीतच ठरते.