अल्ट्रा-वाइड झूम लेन्स शाळेसाठी घ्यावी का? आधी गणित मांडू, मग ठरवू



स्नेहसंमेलन, सहल, दहावीचा निरोप समारंभ जवळ आला की शाळेत हा प्रश्न निघतोच: "सगळी मुलं एका फोटोत मावत नाहीत, वाइड लेन्स घेऊया का?" हल्ली फोनवरही '०.५' चं बटण असतं, त्यामुळे पालकांनाही हा विषय नवा नाही. ही लेन्स कोणत्या फोटोला उपयोगी पडते आणि कोणत्या फोटोत फसवते, ते आज पाहू.

उदाहरण म्हणून कॅननची ईएफ-एस १०-१८ मिमी एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम ही लेन्स घेऊ. २०१४ साली आलेली ही लेन्स फक्त २४० ग्रॅम वजनाची आहे. ती कॅननच्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठी आहे.

१०-१८ म्हणजे काय?

हे लेन्सचं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी साधारण २२.३ मिमी असते. दहावीतले समरूप त्रिकोण आठवा, सूत्र आपोआप मिळतं:

फोटोत मावणारी रुंदी = वस्तूपर्यंतचं अंतर × २२.३ ÷ नाभीय अंतर

४ मीटरवरून १८ मिमीला जवळजवळ ५ मीटर रुंदी मावते, १० मिमीला ८.९ मीटर. कॅमेऱ्यासोबत येणारी नेहमीची लेन्स १८-५५ मिमीची असते. म्हणजे ती जिथे सुरू होते, तिथे ही संपते.

वर्ग, प्रयोगशाळा, वाचनालय

इथे ही लेन्स खरी कामाची. मागे सरकायला जागा नसते आणि संपूर्ण खोली दाखवायची असते. एकच पथ्य पाळा: कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ धरा. वर झुकवला की खांब आणि भिंती आत कलल्यासारख्या दिसतात.

लेन्समध्ये हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय (आयएस) आहे. त्यामुळे कमी उजेडात फळा, तक्ते, प्रदर्शन यांचे फोटो चांगले येतात. पण मुलं हलली तर ती पुसटच येणार, कारण आयएस तुमचा हात सावरतं, मुलांची हालचाल थांबवत नाही. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅशही १० मिमीला पुरत नाही, कडा काळ्या राहतात.

ग्रुप फोटो: इथे थांबून विचार करा

बहुतेक शाळा ही लेन्स ज्यासाठी घेतात, नेमकं तेच काम तिला जमत नाही.

४० मुलं, तीन रांगा, एका रांगेत १४ मुलं, प्रत्येकाला ४५ सेंमी जागा. रांग झाली ६.३ मीटर. सूत्रात घाला: १० मिमीला २.८ मीटरवरून रांग मावते, ३५ मिमीला ९.९ मीटर मागे जावं लागतं. १० मिमीच सोयीचं वाटतं ना? आता दोन गोष्टी पाहा.

पहिली, रांगांमधला फरक. शेवटची रांग पहिलीच्या दीड मीटर मागे आहे असं धरू. २.८ मीटरवरून काढलेल्या फोटोत मागच्या मुलांचे चेहरे पुढच्यांच्या सुमारे ६५ टक्केच आकाराचे दिसतात. ९.९ मीटरवरून हेच प्रमाण ८७ टक्के होतं.

दुसरी, कडेची ओढाताण. सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या दिशेने ताणते. मधल्या रेषेपासून कोन जितका मोठा, तितका ताण जास्त. प्रमाण १ ÷ कोज्या (कोसाइन). १० मिमीला फोटोच्या उजव्या-डाव्या कडेचा कोन सुमारे ४८ अंश, म्हणून तिथलं गोल डोकं उंचीपेक्षा दीडपट रुंद दिसतं. १८ मिमीला हा ताण १८ टक्के, ३५ मिमीला फक्त ५ टक्के. फळा ताणला जात नाही, कारण तो सपाट आणि सेन्सरला समांतर असतो. डोकं गोल असतं. पृथ्वीचा गोल सपाट नकाशावर आणताना ग्रीनलँड फुगतो, तसंच काहीसं.

म्हणजे रांगेच्या टोकाला उभं राहिलेलं मूल दीडपट जाड दिसणार. तोच फोटो घरी फ्रेम होणार, आणि ते मूल तो वर्षानुवर्षं बघणार. एरवी टोकाला बहुधा उंच किंवा बुजरी मुलंच उभी असतात. म्हणून ग्रुप फोटो मैदानात, मागे सरकून, नेहमीच्या लेन्सने ३५ मिमीच्या आसपास काढा. जागा नसेलच तर रांगा वाढवा, लांबी कमी करा आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडा.

सहल: लेणी आणि किल्ले

कार्ल्याचा चैत्य सुमारे ३८ मीटर खोल, साधारण १४ मीटर रुंद आणि तितकाच उंच. खांबांच्या रांगा आणि वरची लाकडी कमान एकत्र हवी असेल तर १० मिमीला पर्याय नाही. अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही, तिथे आयएस मदतीला येतं.

डोंगरांचं मात्र उलटं. सिंहगडावरून दिसणारा राजगड १० मिमीला टाचणीच्या टोकाएवढा होतो. ही लेन्स दूरचं छोटं करते, जवळचं मोठं. त्यामुळे पुढ्यात काहीतरी हवं: बुरूज, पायऱ्या, पाण्याचं टाकं. अगदी २२ सेंमीपर्यंत फोकस होतो, तेव्हा बिनधास्त जवळ जा.

तारे, खेळ, चेहरे

रात्रीच्या आकाशाला रुंदी उत्तम, उजेड कमी. एफ/२.८ ची लेन्स एफ/४.५ पेक्षा सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते. आकाशदर्शनाचे फोटो हेच मुख्य काम असेल तर टोकिना ११-१६ मिमी एफ/२.८ सारखी लेन्स पाहा. कबड्डी, भाषण आणि एकट्या मुलाचा चेहरा यांसाठी अल्ट्रा-वाइड नको. चेहरा जवळून काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात.

घेण्यापूर्वी

* आपला कॅमेरा दुकानात घेऊन जा. सपाट भिंतीवर वर्तमानपत्र लावून फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात का ते पाहा.
* कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यावर ही लेन्स अडॅप्टरशिवाय बसत नाही.
* वर्षभरातले शाळेचे फोटो चाळा. खोल्या आणि वास्तू जास्त असतील तर घ्या. माणसंच जास्त असतील तर पैसे वाचवा.

वर्गात करून पाहा

एक चेंडू फोनच्या ०.५ वर आधी मधोमध, मग अगदी कडेला ठेवून फोटो काढा. मुलांना पट्टीने रुंदी आणि उंची मोजू द्या. फोन स्वतःच थोडी दुरुस्ती करतो, त्यामुळे आकडा दीडपट येणार नाही, पण ताण दिसेल. कोज्येचा उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतःच सापडेल. तुमच्या वर्गात काय मोजमाप आलं, ते जरूर कळवा.