सक्षमीकरण म्हणजे नक्की काय? मेंढा-लेखाची गोष्ट

'सक्षमीकरण' हा शब्द आपण इतक्या फ्लेक्सवर वाचलाय, की आता तो दिसला तरी नजर पुढे सरकते. शिलाई मशीन वाटली, झालं सक्षमीकरण. तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, झालं सक्षमीकरण. आज याचा खरा अर्थ एका गावाकडून समजून घेऊ.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांचा जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य केला आणि बांबूला गौण वनोपजात धरलं. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक.

पण खरी गंमत पुढे आहे. बांबू विकायचा तर तो बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि ते परवाने तेव्हा वनखात्याच्या हातात होते. म्हणजे हक्क गावाचा, पण वनखात्याच्या सहीशिवाय ट्रक हलणार नाही! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर फाईल तुमच्या नावावर, पण परमिशन फक्त 'रीड ओन्ली'.

गाव मागे हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभा स्वतःच्या सहीनं बांबू विकू लागली.

आता तुम्ही म्हणाल, गाव सक्षम झालं, पण त्यातल्या एकेका माणसाचं काय? मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाला जरी पटलं नाही, तरी चर्चा चालू राहते. त्यामुळे कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या 'नाही'लाही वजन येतं. आणि हे 'नाही' माहितीतून यावं म्हणून गावात अभ्यासगट आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं बसून कायदे समजून घेतले. हे आधी झालं, हक्क नंतर आला.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी "आम्ही यांना सक्षम केलं" असं म्हणालं, की दोनच प्रश्न विचारा. आता सही कोणाची चालते? आणि ते लोक 'नाही' म्हणाले, तर काम थांबतं का?

उत्तर 'हो' नसेल, तर ती मदत आहे. मदत चांगलीच, पण तिला सक्षमीकरण म्हणू नका.