जमिनीखालची बोटभर जुळणी

बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरलं की अरुंद भुयारातून पाणी वाहताना दिसतं. ना पंप, ना मोट. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे निघतं. त्याला वाटेतच गाठून निव्वळ उताराच्या बळावर शहराकडे आणणारा हा कुंडी भंडारा. १६१५ साली, जहांगीराच्या राजवटीत, अब्दुल रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत तो उभा राहिला. दोहेवाले रहीम ते हेच! आखणी केली ती तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने.

भुयाराच्या वाटेवर साधारण वीस-वीस मीटरवर कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी आहेत. शंभरावर कुंड्या, आणि त्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या. अशी भुयारं खणायची रीत इराणात शतकानुशतकं चालत आलेली. एक जण खाली खणतो, दुसरा माती भरतो, वरचे दोघे रहाटाने ती ओढून काढतात. वरच्यांना खालचं काही दिसत नाही आणि खालच्याला वरचा गावही दिसत नाही. मग भुयार सरळ जातं कसं? कुंडीच्या तोंडावर एक काठी आडवी टाकतात, वाट जायची त्याच रोखाने, आणि तिला दोन ओळंबे सोडतात. खणणारा मागे वळून दिव्याच्या उजेडात पाहतो. दोन्ही दोऱ्या एकामागे एक लपल्या की दिशा बरोबर. तोच दिवा मंदावला तर हवा कोंडली, चला वर!

उताराचं गणित तर थक्क करणारं आहे. उतार जास्त झाला तर पाणी भुयाराचा तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. हजारास एक उतार धरला, तर दोन कुंड्यांमध्ये फरक पडतो दोन सेंटीमीटरचा, म्हणजे बोटभर. एका तुकडीने आपलं काम कितीही सुबक केलं, पण शेजारच्या कुंडीशी पातळी जुळली नाही, तर पाणी तिथंच अडणार. मला वाटतं, टोळीचं खरं कसब इथं आहे. प्रत्येकाच्या हातात वीस मीटरचा तुकडा, पण माप सगळ्यांचं एकच. कुणी कितीही तरबेज असो, आपल्या अंदाजाने ते बदलायची मुभा त्याला नाही.

गंमत म्हणजे त्याच दशकात खडकीला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर नहर-ए-अंबरी हा असाच भुयारी कालवा बांधत होता. रणांगणावर तो आणि खानखानान समोरासमोर. जमिनीखाली मात्र दोघांची माणसं एकाच विद्येने पाणी आणत होती.

मार्च २०२४मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आला. आजही काम तेच आहे: गाळ उपसायचा, आणि तोही सलग सगळ्या कुंड्यांमधून. एक तुंबली तरी तिच्या पुढच्या सगळ्यांचं पाणी आटतं.