सॅन फ्रान्सिस्को : सहकुटुंब प्रवासाची आखणी

प्रवासास निघण्यापूर्वी जो नकाशा पाहतो तो शहाणा खरा; पण नकाशाबरोबरच बरोबरच्या माणसांची वये जो मोजतो, तो अधिक शहाणा. आपल्या गावातून आज कितीतरी वडीलधारी माणसे मुलाकडे किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियात जातात. मुलाला रजा मिळते मोजकी, नातवंडांना शाळा असते, आणि आजी-आजोबांचे गुडघे बोलू लागलेले असतात. अशा तीन पिढ्यांनी सॅन फ्रान्सिस्को हे शहर पाच दिवसांत कसे पाहावे, हा आमच्यापुढील विषय आहे. तो वरवर हौसेचा वाटतो. परंतु आखणी चुकली तर आयुष्यात कदाचित एकदाच घडणारी ही भेट धावपळीत आणि रुसव्याफुगव्यांत संपते. म्हणून त्याचा विचार गंभीरपणे करावयास हवा.

प्रथम हवेचा विचार करू. कॅलिफोर्निया म्हटले की ऊन, ही आपली समजूत. या शहरात मात्र जुलै महिन्यात भर दुपारीही पारा २० अंशांच्या आसपासच रेंगाळतो. याचे कारण समुद्रात आहे. या किनाऱ्यालगतचे पॅसिफिकचे पाणी उन्हाळ्यातही थंड असते. त्यावरून येणारी दमट हवा गार होते आणि तिचे धुके बनते. इकडे आत, डोंगरांपलीकडील खोऱ्यात, ऊन तापते. तेथील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत मोठी खिंड एकच, ती म्हणजे गोल्डन गेट. त्या दारातून धुके शहरात शिरते. म्हणून पश्चिमेचे भाग झाकोळलेले असताना पूर्वेकडील मिशन भागात लख्ख ऊन असू शकते. यातून दोन नियम निघतात. स्वेटर आणि कानटोपी उन्हाळ्यातही बरोबर असलीच पाहिजे. आणि सवड असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा, कारण तेव्हा धुके ओसरते आणि हवा सर्वांत उबदार असते.

दुसरा विचार चढउतारांचा. हे शहर टेकड्यांवर वसले आहे आणि रस्ते त्या टेकड्यांवरून सरळ चढवले आहेत. नकाशावर चार बोटे दिसणारे अंतर म्हाताऱ्या माणसाला धाप लावते. याच चढांपायी अँड्र्यू हॅलिडी याने १८७३ साली येथे केबल कार सुरू केली. या गाडीत इंजिन नसते. रस्त्याखालच्या खाचेतून पोलादी दोर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने अखंड फिरत असतो. चालक मोठ्या चिमट्याने तो दोर पकडतो की गाडी चालू लागते. सोडतो आणि ब्रेक लावतो की थांबते. हा दोर फिरवणारी प्रचंड चाके केबल कार संग्रहालयात विनामूल्य पाहता येतात. मुलांना गाडीइतकीच मौज तेथे वाटते, आणि वडील मंडळींना दोन घटका टेकताही येते.

तिसरा विचार आम्ही मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. आपण कोकणात किंवा जुहूला गुडघाभर पाण्यात निःशंकपणे उभे राहतो. शहराच्या पश्चिमेस ओशन बीच नावाची लांबलचक पुळण आहे. तेथे ही सवय घातक ठरते. पाणी बहुधा १० ते १५ अंश, म्हणजे हातपाय आखडतील इतके थंड. त्यात किनाऱ्यावरून आत ओढून नेणारे प्रवाह आहेत, आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी मोठी लाट पुळणीवर पार वरपर्यंत धावून येते. तेथे वाळूवर बसावे, सूर्यास्त पाहावा. पण समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढू नयेत आणि मुलांचा हात सोडू नये. कोणी प्रवाहात सापडलाच तर त्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. मुलांना वाळूत खेळवावयाचे असेल तर उपसागराच्या आतील बाजूस क्रिसी फील्ड बरे. पूर्वीच्या लष्करी विमानतळाची ही जागा २००१ साली लोकांसाठी उद्यान म्हणून खुली झाली. वाट सपाट आहे आणि समोर पूल दिसतो.

तो पूल म्हणजे अर्थातच गोल्डन गेट. १९३७ च्या मे महिन्यात तो खुला झाला. दोन मनोऱ्यांमधील अंतर १२८० मीटर. जगात त्या वेळी एवढा लांब झुलता गाळा दुसरा नव्हता. बांधकामाच्या वेळी कामगारांसाठी खाली जाळे बांधले होते, त्यामुळे १९ जण वाचले. तरी ११ जणांचे प्राण गेले. पुलावरून दिवसा पायी जाता येते. पहिल्या मनोऱ्यापर्यंत जाऊन परत फिरणे कुटुंबाला पुरे. वारा जोराचा असतो.

आता बेत पाहू. पहिला दिवस काहीच न पाहण्याचा ठेवावा. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. शरीराला ते पटण्यास वेळ लागतो. संध्याकाळी क्रिसी फील्डवर पाय मोकळे करावेत.

दुसरा दिवस गोल्डन गेट पार्कचा. हजार एकरांहून मोठे हे उद्यान १८७० नंतर उजाड वाळूच्या टेकाडांवर उभे केले. विल्यम हॅमंड हॉल याने आरंभ केला आणि जॉन मॅकलॅरेन याने अर्धशतकाहून अधिक काळ ते जोपासले. तेथील एका मुख्य रस्त्याचा मोठा भाग मोटारींना बंद आहे, त्यामुळे मुले मोकळी धावतात. १८९४ सालची जपानी बाग आजी-आजोबांना आवडेल.

तिसरा दिवस अल्कट्राझचा. या बेटावर १९३४ ते १९६३ अमेरिकन सरकारचा कडेकोट तुरुंग होता; १९६९ ते १९७१ तेथे मूळच्या इंडियन जमातींच्या लोकांनी आपल्या हक्कांसाठी ठाण मांडले होते. बोटीची तिकिटे पुष्कळ आधी संपतात, म्हणून ती घरूनच काढावीत. धक्क्यापासून कोठड्यांपर्यंत सुमारे ४० मीटरांचा चढ आहे; ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी गाडीची सोय असते.

चौथ्या दिवशी पुलापलीकडे म्यूर वुड्स. येथील सर्वांत उंच रेडवुड वृक्ष ७५ मीटरांहून उंच आहेत. कोरड्या उन्हाळ्यात धुक्याचे टिपकणारे पाणी त्यांना जगवते. धरणाखाली बुडू पाहणारी ही दरी विल्यम केंट याने विकत घेऊन सरकारास दिली, आणि १९०८ साली ती राष्ट्रीय स्मारक झाली. गाडी लावण्याची जागा किंवा बसची आसने आधी राखून ठेवावी लागतात. वाट दाखवणारा फोन तेथे मुका होतो, हे ध्यानात ठेवावे.

याच बाजूच्या मोकळ्या टेकड्यांवर १९६० नंतर सुमारे ३० हजार वस्तीचे नवे नगर बांधण्याचा घाट घातला होता. नागरिक न्यायालयात गेले, बेत बारगळला, आणि १९७२ साली हा किनारा राष्ट्रीय उद्यानात सामील झाला. आपल्या गावाभोवतीच्या टेकड्यांविषयी आपण काय करतो, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही.

पाचवा दिवस मोकळा सोडावा; धुक्याने बुडवलेले काही त्या दिवशी भरून काढता येते. तरी एक तास वुड स्ट्रीटवरील गदर स्मारकासाठी राखावा. ते नेहमी उघडे नसते. भारतीय वकिलातीकडे आधी चौकशी करावी. १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' पत्राचा पहिला अंक याच शहरातून निघाला. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. पिंगळ्यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या नातवाला ही हकीकत आजोबांनी सांगावी. त्या शहराशी आपले नाते कालच्या नोकरीपासूनचे नाही, हे त्याला कळेल.

निघण्यापूर्वी आजाराचा विमा उतरवावा, कारण तेथील औषधोपचार फार महाग. नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातपिशवीत असावीत. उभ्या मोटारीत सामान ठेवू नये; काचा फोडून चोऱ्या होतात.

शेवटी तत्त्व एवढेच, की दिवसाला एक मोठे स्थळ पुरे, आणि चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. दोन स्थळे राहिली तर राहोत. पूल अजून पुष्कळ वर्षे उभा राहील. आजी, मुलगा आणि नात यांना एका बाकावर बसून त्याकडे पाहण्याचा योग मात्र वरचेवर येत नाही.