लहान पाहुण्यांचा ताजमधील मुक्काम

मोठ्या शहरातील वैभवशाली हॉटेल ही संस्था मुळात प्रौढांच्या गरजांतून जन्मास आली. आगबोटीतून उतरलेला व्यापारी, बदलीवर निघालेला अंमलदार, लवाजम्यासह शहरात आलेला संस्थानिक, अशा पाहुण्यांची बडदास्त ठेवता ठेवता तिचे दस्तूर घडत गेले. तिचा दुपारी सुरू होऊन दुपारी संपणारा दिवस, तिच्या दालनांतील दबलेले आवाज, तिचे उशिरा रंगणारे रात्रीचे भोजन, यांपैकी एकही गोष्ट पाच-सात वर्षांच्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून ठरविलेली नाही. असे असूनही दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पुण्या-नाशिकचीच नव्हे, तर खुद्द मुंबईच्या उपनगरांतली कुटुंबेही एखाद-दुसऱ्या रात्रीसाठी मुलांना घेऊन अशा हॉटेलांत उतरतात. आणि महिन्याच्या किराण्याहून अधिक रक्कम ज्या एका रात्रीसाठी खर्ची पडते, त्या रात्रीतून मुलाच्या पदरात नेमके काय पडावे, याचा विचार आधीच केलेला बरा. माझे मत असे, की गादीचा मऊपणा आणि न्हाणीघरातील सुगंधी साबण यांचे मुलाला वाटणारे अप्रूप तासाभरात ओसरते. टिकते ते दुसरेच. एक थोर वास्तू आतून पाहावयास मिळणे आणि शेकडो माणसांचे सुसूत्र श्रम अगदी जवळून न्याहाळता येणे, या दोन गोष्टींसाठी मुलांना तेथे न्यावे, आणि मुक्कामाची सारी आखणी या दोन गोष्टींभोवतीच करावी.

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल हे याचे आपल्या जवळचे आणि सर्वांत समृद्ध उदाहरण. हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. त्या कमानीची कोनशिला 31 मार्च 1911 रोजी बसली आणि ती पूर्ण होऊन खुली झाली 1924 च्या डिसेंबरात. कमान आधीची आणि हॉटेल मागाहूनचे, असे बहुतेक मोठी माणसेही गृहीत धरून चालतात. म्हणून खोलीत पाऊल टाकताच, सामान सोडण्याच्याही आधी, मुलांना समुद्राकडील खिडकीशी उभे करून सांगावे, की ही कमान नसताना येथून नुसते बंदर, शिडे आणि आगबोटींचे धुराडे दिसत असे, आणि पुढे 1948 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून चालत जाऊन जहाजावर चढली. इतिहासाच्या पुस्तकातील दोन धडे एका चौकटीत असे शेजारी-शेजारी उभे असलेले मुलाने क्वचितच पाहिलेले असतात.

जमशेटजी टाटांनी हे हॉटेल उभारावयास घेतले, तो काळ मुंबईच्या दृष्टीने मोठा कठीण होता. 1896 मध्ये प्लेगाने शहर ग्रासले, माणसे गावोगाव पांगली, व्यापार मंदावला. अशा काळात परदेशातील उत्तमोत्तम हॉटेलांच्या तोडीची वास्तू आपल्या शहरात असावी, असा आग्रह धरून त्यांनी समुद्रातील भरावाच्या जमिनीवर हा खर्चिक घाट घातला, आणि उद्घाटनानंतर पाचच महिन्यांनी, 1904 च्या मे महिन्यात, त्यांचे जर्मनीत निधन झाले. मराठी मुलांना आणखी एक नाव आवर्जून सांगावयास हवे, ते सीताराम खंडेराव वैद्य यांचे. या इमारतीचा मूळ आराखडा वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा; काम चालू असतानाच वैद्यांचे निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. घुमटाकडे बोट दाखविणाऱ्या मुलाला त्या घुमटामागचा माणूस आपल्या भाषेतला होता हे कळले, तर त्या वास्तूविषयीची त्याची आपुलकी निराळ्याच प्रकारची होते.

याच संदर्भात एक दंतकथा मुलांच्या कानांवर केव्हा ना केव्हा पडतेच. हॉटेल म्हणे चुकून उलटे बांधले गेले, समुद्राकडे यावयाचा दर्शनी भाग शहराकडे गेला, आणि परदेशातून परतलेल्या वास्तुशिल्पकाराने तो प्रमाद पाहून प्राण दिला. कथा चित्तवेधक आहे; परंतु ती खरी नाही, आणि ती खरी का नाही हे मुलांकडूनच शोधवून घेण्याइतकी सुंदर कामगिरी दुसरी नाही. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूस होते, ते हेतुपुरस्सर. घोडागाड्या शहरातून येणार, म्हणून त्यांचा तळ तिकडे ठेवला. आणि इमारतीच्या दोन भुजा पश्चिमेकडे पसरून मधली जागा मोकळी सोडली. पुढे दारे फिरली, बंदराची बाजू दर्शनी झाली, आणि जेथे एके काळी गाड्या थांबत तेथे आज पोहण्याचा तलाव आहे. मुलाला त्या तलावाच्या काठी उभे करावे, पाठीमागे इमारत आणि पुढे शहर. मग गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला समोर काय दिसत असेल, असे विचारावे. आठ-नऊ वर्षांचे मूल या प्रश्नाचे उत्तर स्वतः काढते, आणि ऐकीव गोष्ट पडताळून पाहण्याचा संस्कार त्याच्यावर वेगळा करावा लागत नाही.

मधला जिना मात्र समजावून सांगण्याचा नव्हे, उभे राहून पाहण्याचा विषय आहे. भिंतीतून निघून खाली कोणत्याही खांबाचा आधार न घेता मजल्यामागून मजला चढत जाणारा तो जिना आणि त्याच्या माथ्यावरील घुमटाचा पोकळ भाग पाहताना मुलांच्या माना आपोआप वर होतात. पहिल्या महायुद्धात याच इमारतीचे 600 खाटांचे रुग्णालय झाले होते, हे तेथेच सांगावे. कारण ज्या मार्गिकांतून आज गालिचे अंथरलेले आहेत तेथून जखमी शिपायांच्या डोल्या गेल्या, ही कल्पना जिन्याशी उभे राहूनच नीट करता येते. निवासी पाहुण्यांना वास्तूची माहिती देत फिरविण्याची तजवीज हॉटेलाकडून होते; तिची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी आणि लहान मुले बरोबर आहेत हेही सांगावे.

आता व्यवहाराची बाजू. ताजच्या जुन्या इमारतीला लागून 1970 च्या दशकाच्या आरंभी बांधलेला उंच मनोरा आहे. तेथील खोल्या सामान्यतः कमी भाड्याच्या असतात. मुलांसाठी जात असाल, तर मनोऱ्यातील मोठ्या खोलीपेक्षा जुन्या इमारतीतील लहानात लहान खोली घ्यावी, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. मुलांना चौरस फुटांचे कौतुक नसते, लांब मार्गिकांचे आणि जिन्यांचे असते. भाड्याचा आकडा पाहताना करही जमेस धरावा: दररोजचे भाडे 7,500 रुपयांहून अधिक असेल तर त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि या दर्जाच्या हॉटेलात तो लागतोच. मुलांविषयीचे नियम प्रत्येक हॉटेलाचे निराळे असतात. कोणत्या वयापर्यंत मूल आईवडिलांच्या खोलीत विनाशुल्क राहील, सकाळच्या न्याहारीचे त्याचे वेगळे पैसे पडतील काय, जादा खाटेचे भाडे किती, पाळणा मिळेल काय, एका खोलीत किती जणांना मुभा आहे, या पाचही प्रश्नांची उत्तरे लेखी मागवावीत. तोंडी आश्वासनाचा रात्री दहा वाजता उपयोग होत नाही. मुले दहा-बारा वर्षांची झाली असतील, तर मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या एका प्रशस्त खोलीपेक्षा सुखाच्या ठरतात. खोली दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते, म्हणजे हाती बावीस तास येतात. त्यांतले निजेचे वजा केले तर उरलेल्या वेळात राणीची बाग, मरीन ड्राइव्ह आणि खरेदी यांची धावपळ करणे म्हणजे घेतलेली वस्तू न वापरता परत करण्यासारखे आहे.

खोलीचा ताबा मिळाल्यावर पहिली दहा मिनिटे बंदोबस्तासाठी द्यावीत. अशा हॉटेलाचे दार बाहेर पडताच आपोआप बंद होते आणि चावीवाचून उघडत नाही. मूल एकटेच मार्गिकेत राहून गेल्याचे प्रसंग याच कारणाने घडतात. लिफ्टचेही तसेच: मूल आत आणि आई बाहेर असताना दारे मिटली, तर मुलाने पुढच्याच मजल्यावर उतरून तेथेच थांबावे, एवढा एक नियम आधी पाठ करून घ्यावा. न्हाणीघरातील गरम पाणी घरच्या बंबापेक्षा अधिक तप्त असू शकते आणि मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असल्याने लवकर भाजते, म्हणून टबात आधी गार पाणी सोडावे, मागाहून गरम, आणि हात बुडवून पाहिल्याखेरीज मुलाला आत उतरवू नये. विजेची किटली उंचावर ठेवावी. लहान फ्रीजमधील चॉकलेटे आणि पेये यांचे दाम हिशेबात लागतात. मुलांना हे सांगून ठेवावे, किंवा तो फ्रीज आधीच रिकामा करून देण्यास सांगावे. दाराच्या आतल्या बाजूस आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा नकाशा लावलेला असतो. तो मुलांकडून वाचवून घ्यावा आणि त्यांच्यासह तो जिना प्रत्यक्ष पाहून यावा. मुलांना नकाशे आवडतात, आणि हा नकाशा वाचता येणे गरजेचेही आहे. तलावाच्या बाबतीत मात्र कोणावरही विसंबू नये. पाण्यात गुदमरणारे मूल ओरडत नाही, ओरडण्याइतका श्वासच त्याच्यापाशी नसतो. काठावर कोणी रक्षक असो वा नसो, हाताच्या अंतरावर घरचे माणूस असलेच पाहिजे, आणि त्या माणसाच्या हाती फोन नसावा.

भोजनाविषयी पालकांची भीती अकारण असते. मुलाला परकीय पदार्थ रुचले नाहीत तर ते उपाशी राहील, या धास्तीने खाण्याचे डबे बरोबर नेणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः एवढ्या मोठ्या मुदपाकखान्यात साधा वरणभात, दहीभात किंवा मऊ खिचडी करून देण्यास कोणतीही हरकत नसते. पत्रिकेत नाव नाही म्हणून मागण्याचा संकोच धरू नये. तिखट किती, मीठ किती, हे नीट सांगावे आणि मुले भुकेने रडकुंडीला येण्याच्या अर्धा तास आधी सांगावे. रात्रीचे जेवण सातला उरकावे. सकाळची न्याहारी मात्र सावकाश घ्यावी, कारण शेकडो माणसांसाठी मांडलेल्या त्या सरंजामात मुलाला पाहण्यासारखे फार असते. एका वेळी ताटात थोडेच वाढून घ्यावे आणि ते संपवून पुन्हा उठावे, हा रिवाज मुलांना तेथे घालून द्यावा. ताटात टाकलेल्या अन्नाकडे त्या दालनात कोणी पाहत नाही, म्हणून तर तो घालून द्यावयाचा.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खोली आवरणारा, सामान वाहणारा, दार उघडणारा, पहाटे चारला भट्टीशी उभा राहून पाव भाजणारा, चादरींचे गठ्ठे धुणारा, या माणसांच्या श्रमांनी ते हॉटेल चालते, आणि त्यांतले बहुतेक श्रम पाहुण्याच्या दृष्टीस पडू नयेत अशीच तेथील रचना असते. घरी आईच्या हाताखाली पांघरूण घडी करणाऱ्या मुलाच्या मनात, आपोआप नीटनेटकी झालेली खोली पाहून, काम ही आपोआप होणारी गोष्ट आहे असा समज रुजला, तर तो मुक्काम महागात पडला असे मी म्हणेन. यावर उपाय सोपा आहे. खोली आवरावयास आलेल्या मावशींना किंवा काकांना मुलाने नमस्कार करावा, नाव विचारावे, त्यांना सवड असेल तर चादरीचे कोपरे कसे दुमडतात ते पाहू द्या म्हणावे. निघण्यापूर्वी वापरलेले पंचे एके ठिकाणी गोळा करावेत. त्या माणसांशी अहो-जाहोने बोलावे, आणि हुकमाचा सूर आधी आईवडिलांच्या तोंडून जावा. मुले शब्दांपेक्षा सूर अधिक लवकर उचलतात.

26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याविषयी मूल विचारते. या हॉटेलात त्या दिवसांत 31 जणांचे प्राण गेले. त्यांच्या नावांचे स्मारक तेथे आहे. सहा वर्षांच्या मुलाला तपशील नकोत. बाराच्या मुलापासून ते लपवूही नयेत. मात्र दोघांनाही एक गोष्ट सांगावी, की पळून जाण्याच्या वाटा ज्यांना सर्वांत चांगल्या ठाऊक होत्या त्या कर्मचाऱ्यांपैकी कित्येक जण मागे राहिले आणि त्यांनी पाहुण्यांना वाट दाखविली. त्यांतले काही परतले नाहीत. जुनी इमारत दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 रोजी पुन्हा उघडली. आदल्या दिवशी ज्यांच्याकडून चादरीची घडी शिकली, त्याच पेशातली ती मागे राहिलेली माणसे होती, हे मुलाला मग वेगळे सांगावे लागत नाही.

दुपारी बाराला खोली सोडल्यावर सामान हॉटेलात ठेवता येते. हवामान शांत असेल तर समोरूनच घारापुरीची लाँच सुटते, जाण्यास सुमारे तासभर लागतो. तेथील लेणी सोमवारी बंद असतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि 2019 पासून तेथे मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालयही आहे. पावसाळ्यात तेच बरे.

ज्यांना मुक्काम परवडणारा नाही त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही, आणि कर्ज काढून तर मुळीच राहू नये. पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये दुपारचा चहा घेता येतो; तोही स्वस्त नव्हे, परंतु खोलीच्या भाड्याचा तो लहानसा अंश असतो, आणि टेबल आधी राखून ठेवले तर बंदराकडील खिडकीची जागा मागता येते. तेही नको असेल, तर अपोलो बंदराच्या कठड्याशी उभे राहून जुनी इमारत आणि मनोरा यांतले फरक मुलांना मोजावयास सांगावेत: खिडक्यांच्या कमानी, सज्जे, कोपऱ्यांवरचे लहान घुमट, दगडाचा रंग. मग इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्यावर जावे आणि घोडागाड्या ज्या बाजूने येत ती बाजू पाहावी. याला एक पैसाही पडत नाही, आणि वैद्यांचे नाव तेथेही सांगता येते.