म्हाताऱ्या मेंदूचे राखणदार

मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींची ओळख पटली ती १९१९ मध्ये, माद्रिदला. पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवले आणि चेतापेशींच्या गर्दीतल्या बारीक फांद्यांच्या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. त्यांनी नाव दिलं मायक्रोग्लिया. इजा झाली की या पेशी फांद्या आवरतात, गोलसर होतात आणि मेलेला गाळ खातात, हेही त्यांनीच सांगितलं.

पुढे कित्येक दशकं निरोगी मेंदूतली मायक्रोग्लिया 'विश्रांत' समजली गेली. बघायचं ते मेलेल्या मेंदूत, मग हालचाल दिसणार कशी? २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावल्यावर कळलं, की तिच्या फांद्या अखंड चाचपणी करत असतात आणि काही तासांत सगळा मेंदू धुंडाळून होतो.

वार्धक्याबद्दलचं मत तर दोनदा फिरलं. १९८०च्या दशकात अल्झायमरच्या मेंदूंत खवळलेली मायक्रोग्लिया दिसली आणि दाह हाच गुन्हेगार ठरला. मग दाहशामक गोळ्यांच्या चाचण्या झाल्या, हाती काही लागलं नाही. २००४ मध्ये वोल्फगांग श्ट्राइट आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या मेंदूत तुटक, गाठाळलेल्या फांद्यांच्या पेशी दाखवल्या. त्यांचं म्हणणं होतं, या पेशी खवळलेल्या नाहीत, जीर्ण झाल्यात. मला हे वळण सगळ्यात मोलाचं वाटतं. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला म्हाताऱ्या उंदरांत चरबीच्या थेंबांनी भरलेल्या पेशी सापडल्या. त्या गाळ नीट खात नव्हत्या, दाह वाढवणारी द्रव्यं मात्र भरपूर सोडत होत्या. म्हणजे दोन्ही मतांत तथ्य होतं.

या पेशी म्हाताऱ्या होतात म्हणजे किती? शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढला होता. पेशींच्या डीएनएतल्या त्याच्या प्रमाणावरून स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये माणसाच्या मायक्रोग्लियाचं सरासरी वय काढलं: ४.२ वर्षं. दरसाल सुमारे २८ टक्के पेशी नव्या येतात, पण काही वीस वर्षांहून जास्त टिकतात.

दरम्यान ट्रेम-२ या जनुकातल्या एका बदलाने अल्झायमरचा धोका तिपटीच्या आसपास वाढतो, असं २०१२च्या अखेरीस समोर आलं. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं, म्हणून त्याच्या प्रथिनाला चेतवणारं प्रतिपिंड बनवलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. आजाराचा वेग कमी झाला नव्हता. जनुकातला दोष जन्मापासून साथीला असतो आणि औषध मिळतं ते आजार सुरू झाल्यावर. या अपयशात मला उशिराचा वाटा मोठा दिसतो.